आनंदांची चीवरे आणि मार्केटिंगचा तास

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून हा दिवस पाळतात. आपल्या लोकांच्या तो फारसा लक्षात राहत नाही, कारण दुसऱ्या दिवशी २५ डिसेंबर असतो. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस, आणि १९५४ साली देहूरोडला बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली तोही दिवस. मावळातल्या आपल्या घरांतून २४ तारखेला पांढरे कपडे धुण्याची आणि डबे भरण्याची गडबड असते. ग्राहक दिन कोण बघतो?

गेल्या २४ डिसेंबरला मात्र मला तो बघावा लागला. मावळातल्या एका कॉलेजातील प्राध्यापिका बाई आमच्या बचतगटाच्या कामामुळे ओळखीच्या आहेत. त्यांनी निरोप धाडला की, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मार्केटिंग विषय घेतलेली मुले आहेत, त्यांच्यापुढे एक तास बोला. विषय ‘शाश्वत उपभोग व सामाजिक जबाबदारी’. मी म्हटले, बाई, मी कारकून माणूस. बी.कॉम. झालो त्याला वीस-पंचवीस वर्षे झाली. आमच्या वेळी मार्केटिंगचे चार ‘पी’ पाठ करायचे: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. चार पी संपले की माल खपला, आणि माल खपला की धडा संपला. त्यावर बाई म्हणाल्या, “धडा संपल्यावर पुढे काय होते, तेच तुम्ही सांगा.”

विषयाच्या नावाचीच मला आधी गंमत वाटली. आपण बौद्ध माणसे सगळे अनित्य मानणारी, आपल्याला ‘शाश्वत’ उपभोगावर बोलायला सांगायचे! पण अर्थ सरळ होता. आज आपण असे वापरावे की उद्याच्या माणसालाही पुरावे, आणि आपल्या वापराचा त्रास तिसऱ्याच्या माथी बसू नये.

साठेक मुले-मुली होती. कामशेत, वडगाव, मळवली, कार्ला या बाजूची बरीच, लोकलने येणारी. आपलीही आठ-दहा असावीत. कारकुनाला सगळा वर्ग ‘सर’ म्हणतो तेव्हा कानाला जरा वेगळेच वाटते. बाबासाहेबांची आठवण झाली. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, म्हणजे कॉमर्सच्याच मुलांना शिकवत होते. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिऊ नये म्हणून तिथल्या एका प्राध्यापकाने हरकत घेतली होती. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला पाण्याचा हिशेब असा शिकावा लागला.

माझ्या आधी चार मुलांच्या एका गटाने आपला प्रकल्प वाचून दाखवला. खेड्यापाड्यांतल्या ग्राहकापर्यंत माल कसा पोहोचवावा, हा विषय. एक रुपयाची, दोन रुपयांची शाम्पूची पुडी हे त्यांचे उदाहरण. मुलांनी मेहनत चांगली केली होती. १९८०च्या दशकात तामिळनाडूतल्या छोट्या उत्पादकांनी पुडीतला शाम्पू कसा खपवला, मग मोठ्या कंपन्या त्याच वाटेने कशा आल्या, सारे नीट मांडले. शेवटी सामाजिक जबाबदारीचा एक परिच्छेद होता. त्यात लिहिले होते की, गरीब व अशिक्षित ग्राहक रिकाम्या पुड्या कुठेही टाकतो, म्हणून त्याचे प्रबोधन करणे गरजेचे आहे.

प्रबोधन हा आपल्या चळवळीतला शब्द. तो असा आपल्याच लोकांवर उलटलेला पाहून मी उठलो. मुलांनी नमुन्यादाखल आणलेली एक रिकामी पुडी टेबलावर ठेवली आणि विचारले, “ही भंगारवाल्याकडे नेली तर काय भाव मिळेल?”

कुणी बोलेना. पाण्याच्या बाटलीला भाव आहे, पुठ्ठ्याला आहे, पत्र्याच्या डब्याला आहे, हे काहींना ठाऊक होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा खाली बघत म्हणाला, “काहीच नाही सर. ते घेतच नाहीत.”

त्याला कसे ठाऊक, हे मला नंतर कळले. त्याची आई कंत्राटावर सफाईचे काम करते.

पुडीला भाव नाही याचे कारण साधे आहे. तिच्यात प्लास्टिकचे थर असतात, मधे बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असतो, वर छपाई असते. हे थर वेगळे करून पुन्हा वापरणे परवडत नाही. कचरा वेचणारी बाई दिवसभर वाकून जे उचलते ते विकण्यासाठी उचलते. जे विकले जात नाही ते तिथेच राहते, गटारात जाते, नाल्यात जाते. लोणावळ्याला पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या वाटेवर मक्याची कणसे, वेफर्सची पाकिटे, चहाचे कप यांचा जो सडा पडतो तो तुम्ही पाहिलेला आहे. सोमवारी सकाळी झाडू घेऊन तिथे कोण येते तेही पाहिलेले असेल. जे झाडूला लागत नाही ते पाण्याबरोबर खाली जाते. इंद्रायणी कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते आणि तीच पुढे देहू-आळंदीला जाते.

गरीब बाई पुडी घेते ती अडाणी म्हणून घेते का? शंभर रुपयांची बाटली घरात आणायची तर शंभर रुपये एकदम हातात असावे लागतात. रोजंदारी करणाऱ्या घरात संध्याकाळी जे येते त्यातून तेल, मीठ, साखर आणि एक पुडी येते. हे कंपनीला पक्के ठाऊक असते, म्हणून तर पुडी निघाली. तिच्या गरिबीचे गणित मांडून माल बनवायचा, नफा घ्यायचा आणि पुडी रिकामी झाली की प्रबोधन तिचे करायचे, हा न्याय मला पटत नाही. मुलांना मी हेच सांगितले. प्रकल्प करणारी एक मुलगी थोडी नाराज झाली. तिचे म्हणणे, मग गरिबाने शाम्पू वापरूच नये का? प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर पुढे येते.

विक्रीनंतर मागे जे उरते ते उचलायचे कुणी, हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात फार चांगल्या रीतीने विचारला गेला आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागातल्या प्राध्यापिका १९९०च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या बायका-मुलांत काम करू लागल्या. शिकवायला गेल्या आणि स्वतःच बरेच शिकल्या. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्यातल्या बहुतेक बाया दलित, आपल्या आणि मातंग समाजातल्या. ओळखपत्र मिळाले तेव्हा पोलिसाने हटकल्यावर दाखवायला हातात काहीतरी आले. पुढे २००८ साली त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

याच बायांनी २०१३ साली एक गोष्ट केली, ती मार्केटिंगच्या प्रत्येक पुस्तकात छापायला हवी. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन लोक उघडेच कचऱ्यात टाकत आणि ते हाताने वेगळे करावे लागत. कंपन्यांना सांगून झाले, लिहून झाले. मग त्यांनी ते वापरलेले नॅपकिन पिशव्यांत भरले आणि बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले. तुमचा माल, तुमचे नाव, घ्या परत! वर्गातली मुले आधी नाक मुरडून हसली आणि मग गप्प झाली. ते उचलणाऱ्या बाईला नाक मुरडायची सोय नसते. नॅपकिनबरोबर गुंडाळायची पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारा घनकचरा नियम २०१६ साली आला. त्याच वर्षीच्या प्लास्टिक कचरा नियमांनी पॅकिंगचा कचरा परत गोळा करण्याचे कामही उत्पादकाच्या गळ्यात घातले. कागदावर कायदा आहे. पुडी मात्र अजून नाल्यात आहे.

एका मुलाने विचारले, “पण सर, कंपन्या सीएसआर करतात की.” करतात. १ एप्रिल २०१४ पासून तसा कायदाच आहे. ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. त्यातून शाळेला बाके येतात, गावाला पाण्याची टाकी येते, आणि टाकीवर कंपनीचे नाव टाकीएवढे असते. मी म्हटले, तुमच्यातले कितीतरी जण कार्ल्याच्या डोंगराखाली वाढलेले आहेत. त्या लेण्यातले लेख कधी वाचले का? वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते शैलगृह पुरे केले. धेनुकाकटच्या गंध विकणाऱ्या सिंहदत्ताने दार दिले. दाराचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही नाव तिथे कोरलेले आहे. सावकार, गंधी आणि सुतार एकाच चैत्यगृहात. नाव, गाव, धंदा, काय दिले, एवढेच, आणि तेही बोटभर अक्षरात. आपले लोक एकवीरेच्या जत्रेची गर्दी बघून बाहेरूनच परत फिरतात याचे मला वाईट वाटते. असो. दोन टक्के कुठे दिले हे कंपनी फलकावर लिहिते. उरलेले अठ्ठ्याण्णव कसे मिळवले, हे विचारायला मार्केटिंगच्या विद्यार्थ्याने शिकले पाहिजे, एवढेच मला म्हणायचे होते.

मग मी त्यांना आनंद स्थविरांची गोष्ट सांगितली. ती विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर भदंत आनंद कौशांबीला गेले होते. उदयन राजाच्या राण्यांनी त्यांचा उपदेश ऐकला आणि त्यांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला हे खटकले. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण करणार काय? कापडाचा व्यापार करणार की दुकान मांडणार? राजा सरळ आनंदांकडे गेला आणि विचारू लागला. एवढी चीवरे कशाला? ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची पांघरुणे करू. पांघरुणे जुनी झाली की? गादीच्या खोळी. त्या फाटल्या की? जमिनीवर अंथरायला. मग पायपुसणी. मग धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकीही विरली की? कुटून, चिखलात कालवून जमीन सारवतो. राजा एवढा खूश झाला की त्याने आणखी पाचशे चीवरे दिली.

“म्हणजे सर, त्यांचं मार्केटिंग यशस्वी झालं!” मघाची नाराज मुलगी म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

पुढच्या बाकावरची एक मुलगी, आपलीच, बोलली, “आमची आजी असंच करते. लुगडं फाटलं की गोधडी, गोधडीतून बाळाची दुपटी, शेवटी पोतेरं.” खेड्यातल्या सगळ्यांच्याच माना हलल्या. आनंदांचा चिखल आणि आजीचे पोतेरे यात फरक तो काय? बाई तर म्हणाल्या, आपल्या आज्यांकडूनच शाश्वत उपभोग शिकायला हवा.

इथे मला बाईंना अडवावे लागले. पाहुण्याने असे करू नये, पण राहवले नाही. आजीचे कौतुक करा, पण तिने हे हौसेने केले नव्हते. ज्या ग्रंथाचे उद्या २५ डिसेंबरला दहन झाले म्हणून आम्ही दिवस पाळतो, त्याच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी काय लिहून ठेवले आहे? मेलेल्यांची वस्त्रे नेसावी आणि फुटक्या भांड्यांत जेवावे. उरलेले वापरा, टाकलेले नेसा, याचा नियमच केलेला होता! आमच्या पूर्वजांइतका काटकसरीचा उपभोग जगात कुणी केला नसेल. त्याला कुणी पर्यावरणाचे बक्षीस दिले नाही. म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितले की, स्वच्छ राहा, पायघोळ लुगडी नेसा, जातीची ओळख सांगणारे ते जड दागिने टाकून द्या. बाबासाहेब स्वतः सूट-बूट घालून हिंडले. ज्याला नवे कापड नाकारलेले होते त्याच्या अंगावरचे नवे कापड ही चैन नव्हती, तो हक्क होता.

मघाशी मुलीने विचारले होते, गरिबाने शाम्पू वापरूच नये का? वापरावा, जरूर वापरावा. आनंदांच्या संघात पाचशे चीवरे आली ती आधी सर्वांना वाटली गेली, मग जपून वापरली गेली. आधी प्रत्येकाच्या अंगावर धड वस्त्र, मग चिंधीचा हिशेब. ज्यांच्या कपाटात दहा पोशाख आहेत त्यांनी आजीला गुरू करून घ्यावे. आजीला मात्र धड लुगडे मिळाले पाहिजे. आणि पुडीचा कागद कंपनीने परत न्यावा.

आपल्या लोकांनाही यातून सुटका नाही. १४ एप्रिलला वस्तीत जे फ्लेक्स लागतात ते जूनपर्यंत लोंबत राहतात. देहूरोडला, कोरेगावला, चैत्यभूमीवर भोजनदानाच्या पत्रावळ्या आणि पाण्याच्या बाटल्या आपण टाकतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या उचलायला येणारी बाई बहुतेक वेळा आपलीच असते. हे मी वर्गात बोललो नाही. घरातली गोष्ट म्हणून इथे लिहितो.

तास संपला. मुले निघाली तेव्हा मागच्या बाकावरचा तो मुलगा रेंगाळला. त्याची एका फायनान्सच्या कामासाठी निवड झाली होती. मोबाईलच्या दुकानात बसायचे आणि गिऱ्हाईकाला हप्त्यावर फोन घेऊन द्यायचा. महिन्याचे टार्गेट ठरलेले. “सर, माझ्या वाट्याला आमचाच भाग आलाय. आमच्याच वस्तीतली माणसं. मी काय करू?”

मी त्याला उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले: शस्त्रांचा, सजीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. तो म्हणाला, “यात हप्ता नाही.” नाही खरा! मग मी सिगालोवाद सुत्त सांगितले. मिळकतीचे चार भाग करावे, एक स्वतःच्या उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीला राखून ठेवावा. तो म्हणाला, “आमच्या घरात चार भाग होत नाहीत सर, एकच होतो आणि तोही पुरत नाही.” बी.कॉम. झालेल्या पोराने सेल्समधली नोकरी सोडावी, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? घरात पहिली पगाराची नोकरी येत होती. उद्या देहूरोडला ये, म्हटले, आणि घरात हप्त्याचा काही कागद असेल तर घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर तो खरेच आला. बरोबर आई. तिने त्याच्याच कॉलेजसाठी वर्षभराच्या हप्त्यांवर फोन घेतलेला होता. पिशवीतून घडी केलेली पावती काढली. कर्ज १२,००० रुपये, हप्ता १,१२० रुपये, असे बारा. “बारा टक्केच हाय म्हनला पोरगा,” आई म्हणाली. आम्ही भिंतीच्या सावलीला बसलो. बारा हप्त्यांचे १३,४४० होतात, म्हणजे व्याज १,४४०. बारा हजारांवर बारा टक्के बरोबर दिसते. पण बारा हजार तिच्याकडे वर्षभर राहिलेच कुठे? दर महिन्याला मुद्दल हजाराने फिटत गेले. पहिल्या महिन्यात बारा हजार वापरायला, शेवटच्या महिन्यात एकच हजार. सरासरी काढली तर साडेसहा हजार. साडेसहा हजारांवर वर्षाला १,४४० व्याज म्हणजे बावीस टक्के झाले. फाईल चार्ज वेगळा.

मुलगा माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिला. मार्केटिंग शिकलेला, पण हे त्याला कुणी करून दाखवले नव्हते.

वाचकांनीही हे लक्षात ठेवावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या कर्जाबरोबर एक मुख्य माहितीपत्रक द्यावे लागते. सगळे चार्ज धरून वर्षाला खरा दर किती पडतो, हे त्यात लिहावे लागते आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. सही करण्याआधी ते मागून घ्या. तसेच मालावर ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’ असे छापायचे तर त्याला पुरावा पाहिजे, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली आहेत. दुकानदाराला विचारायला लाजू नका.

आईने सगळे ऐकून घेतले. पावतीची पुन्हा घडी केली आणि म्हणाली, “मंग ह्यो खरा आकडा त्या पोरानं पैल्याच दिशी का नाय सांगितला? त्योबी कुनाचं तरी लेकरूच आसंल की.”

मुलगा काही बोलला नाही. एक तारखेला कोरेगावला जाऊन येऊन दोन तारखेला तो कामावर रुजू होणार होता. ते माहितीपत्रक दुकानात मराठीत ठेवलेले असते का, हे पहिल्याच दिवशी विचारतो आणि फोन करतो, एवढे म्हणून तो आईला घेऊन स्टेशनच्या वाटेला लागला.